तीर्थाबरोबर घेतलेली गोळी

९ फेब्रुवारी १९५८

लक्ष्मीकांत डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ही वही सुरू केली. तारीख, ब्लडप्रेशरचा आकडा आणि काही त्रास झाला तर तो, एवढंच लिहा म्हणाले. पण सत्तावीस वर्षं इंदूरच्या दप्तरखान्यात बसून जुन्या दरबारच्या मोडी कागदांची बाळबोध नक्कल करतो आहे. हात एकदा चालू लागला की थांबत नाही.

झालं ते असं. मंगळवारी पूजेत चंदन उगाळताना ताम्हनात लाल थेंब पडले. वाटलं, कुंकू सांडलं. मग कळलं की माझ्याच नाकातून रक्त येतंय. अंबिकेने टाळूवर गार पाणी थापलं तरी अर्धा तास थांबेना. सकाळी मान जड आणि मागून डोकं दुखणं तर वर्षभर चाललं होतं. मी घरात बोललो नव्हतो.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबून पारा वर नेला आणि कोपराच्या खळगीत नळी टेकवून ऐकत राहिले. मग निजवून पुन्हा, उभं करून पुन्हा. दोन दिवसांनी बोलावून परत तेच. लघवी तपासली, दिवा धरून डोळ्यांच्या आत पाहिलं. माणूस नुसता घाबरला तरी पारा चढतो, म्हणून एकदा पाहून मी निदान करत नाही, असं म्हणाले. आज तिसरी खेप. २२०/१३०.

"वडील कशाने गेले?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, अर्धांगाने. तीन वर्षं अंथरुणावर होते.

"मग तुम्हाला फार समजावून सांगायला नको."

नकोच होतं. आबांना मीच भरवत होतो. त्यांची वाचा गेली होती. सकाळी देवाचं नाव घ्यायला ओठ उघडायचे आणि नुसता घशातला आवाज यायचा, मग डोळ्यांतून पाणी. मरणाचं मला भय वाटत नाही. त्या आवाजाचं वाटतं.

मीठ कमी, लोणचं, पापड, शेव बंद, तंबाखू बंद. गोळी दोन वेळा. सर्पगंधेच्या मुळीपासून काढलेली आहे म्हणाले. आपल्याच जंगलातली मुळी, हे ऐकून बरं वाटलं.

१० फेब्रुवारी

पूजा झाल्यावर सकाळची गोळी तीर्थाबरोबर घेतली. बारीक, पांढरी, तांदळाच्या कणीहून थोडी मोठी. पळीतल्या पाण्याबरोबर आत गेली. हे ठरवूनच टाकलं. पूजा चुकत नाही, म्हणजे गोळीही चुकणार नाही. अंबिकेला हे पटलं. म्हणाली, देवाच्या हातून घेतल्यासारखं होईल.

२ मार्च

१९०/११५. डॉक्टर खूश.

दौलतराव दप्तरात माझ्या शेजारी बसतो. त्याने डबा उघडून माझी बिनमिठाची भाजी चाखली आणि तोंड वाकडं केलं. "भिया, हे खाऊन जगण्यापेक्षा दूसरा रस्ता बघ." मग स्वतःची शेव पाठ वळवून खाल्ली, मला दिसू नये म्हणून. चांगला माणूस आहे.

२७ एप्रिल

१७६/१०८.

नाक सारखं चोंदलेलं असतं. सर्दी म्हणावी तर शिंक नाही. दाराशी मोगरा फुलला आहे. रोज ओंजळभर फुलं देवांना वाहतो, पण वास येत नाही. अंबिका म्हणते, घर भरून घमघमाट सुटलाय. मी मान डोलावतो.

झोप फार येते, दुपारी कागदावर डोकं टेकतं. आणि स्वप्नं वाईट. ती लिहीत नाही.

१५ जून

१६४/१००. डोकेदुखी पार गेली. त्याबद्दल तक्रार नाही.

दुसरीच गोष्ट लिहायची आहे. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला जातो. वीस वर्षांत एकही गुरुवार असा गेला नसेल की शेवटी टाळ थांबले आणि माझ्या छातीत काही भरून आलं नाही. मला गळा नाही. मी तेवढ्यासाठीच जायचो. गेले पाच गुरुवार काही येत नाही. टाळ वाजतात, थांबतात. पितळ पितळावर आपटतं, एवढंच ऐकू येतं. भोवतालच्या माणसांचे डोळे मिटलेले, चेहरे ओले. मी त्यांच्याकडे पाहत बसलो, आणि ही मंडळी खोटं तर करत नाहीत ना, असा विचार आला. घरी येऊन पाय धुतले, तरी विचाराचा मळ गेला नाही.

माझं काय चुकलं, ते आठवून पाहिलं. काही सापडत नाही. म्हणजे मोठं काही असणार.

३ ऑगस्ट

मंगलाला मुलगा झाला. आमची एकुलती मुलगी, देवासला दिलेली. बाळंतपणाला दोन महिने इथेच आहे. सुईणीने मूल माझ्या हातात दिलं. लालबुंद, मूठ वळलेली. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते, म्हणून हसलो. हातात वजन आहे, एवढंच जाणवलं. दप्तरातला कागद बांधलेला रुमाल घ्यावा तसं.

मंगला म्हणाली, "बाबा, याच्या टाळूचा वास घ्या ना."

घेतला. कसलाच आला नाही. "छान," म्हणालो.

७ सप्टेंबर

१५०/९५.

डॉक्टरांनी आज वही मागितली. मी घरी विसरलो म्हणालो आणि संध्याकाळी एका फुलस्केपवर फक्त तारखा आणि आकडे सुवाच्य उतरवून नेऊन दिले. बाकीचं त्यांना काय दाखवायचं? ते शरीराचं पाहतात. माझं आणि देवाचं जे बिनसलं आहे ते त्यांच्या टेबलावर ठेवणं बरं दिसत नाही. त्यांनी कागद कंपाउंडरला दाखवला. "देखो, ऐसा पेशंट चाहिए." सात महिन्यांत एक गोळी चुकली नाही, हे खरंच आहे. माझ्याकडून आता तेवढी एकच गोष्ट नेमाने होते.

१७ ऑक्टोबर

आज दप्तरात न जाता तलावाकडे गेलो. सकाळचे अकरा असतील. काठावर बायका धुणं धूत होत्या, त्यांच्यापासून लांब जाऊन बसलो. काय विचार होता ते लिहायला हात धजत नाही. तो विचार येताना भीती वाटली नाही. हायसं वाटलं. त्याचीच नंतर भीती वाटली.

दौलतरावला कुणी सांगितलं देव जाणे. सायकल टाकून आला आणि शेजारी बसला. मग म्हणाला, "साहब पूछ रहे थे. मी सांगितलं, लक्ष्मणचं पोट बिघडलंय. आता चल, नाहीतर मला खरंच तुझं पोट बिघडवावं लागेल." मी उठलो. त्याने मला सायकलच्या दांड्यावर बसवून घरी आणलं. एकोणपन्नास वर्षांचा माणूस दांड्यावर. बाजार पाहत होता. मला लाज वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

अंबिकेशी तो ओट्यावर हळू आवाजात काय बोलला ते ऐकू आलं नाही.

१२ नोव्हेंबर

देवांना गौतमपुऱ्याला पोचवून आलो.

घरात पाच चांदीचे टाक आहेत. खंडोबाचा मधला. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, तेव्हापासूनचे. ज्याच्या मनात काही उरलं नाही त्याने त्यांना हात लावू नये, हे मला गेले कित्येक दिवस कळत होतं. रोज धुतो, पुसतो, गंध लावतो, आणि आत काही नाही. ही देवांची फसवणूक आहे. टाक धुवट कपड्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि बसने थोरल्या दादाकडे गेलो. पाडव्याचा दिवस, संध्याकाळी हिंगोटची लढाई. संताजीदादा पासष्टीतही अंगणात बसून हिंगोट, म्हणजे लढाईत पेटवून फेकायची ती पोकळ फळं, भरत होता, हात बारुदीने काळे. डबा पाहून त्याला आधी मिठाई वाटली.

उघडल्यावर त्याने हात धोतराला पुसले. म्हणाला, "कईं हुयो रे? अंबिका ठीक ना?"

मी सांगितलं, माझ्याच्याने होत नाही.

"काय होत नाही? दोन फुलं वाहायला काय कुस्ती खेळावी लागते?"

माझ्याकडे पाहून तो उठला. आंघोळ करून आला आणि टाक आपल्या देव्हाऱ्यात मांडले. एवढंच म्हणाला की तुझे आहेत, मी सांभाळतोय. बसमधून परतताना मांडीवर रिकामा डबा होता.

अंबिका रिकाम्या देव्हाऱ्यासमोर बसून होती. मला विचारल्याशिवाय नेलंत, एवढंच म्हणाली. दिवसभर जेवली नव्हती.

१६ नोव्हेंबर

गोळ्यांची बाटली अंबिकेने आपल्या ताब्यात घेतली. तीर्थ नाही तर निदान माझ्या हातून घ्या, म्हणाली. दोन्ही वेळा तळहातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत उभी राहते. बरं झालं, मला तेवढाही विचार करायला नको.

३० नोव्हेंबर

आज सकाळी चुलीवर दूध उतू गेलं आणि मला करपल्याचा वास आला. स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. अंबिका माझ्याकडे पाहतच राहिली. नाक सुटलं वाटतं.

१६ डिसेंबर, चंपाषष्ठी

काय लिहू.

चार दिवसांपूर्वी दप्तरात एक जुना कागद लावत होतो. कुणा शिलेदाराने घोडा मेल्याची अर्जी केली होती. त्याने घोड्याचं नाव लिहिलं होतं, हिऱ्या. दोनशे वर्षांपूर्वीचा घोडा. माझ्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं, अक्षरावर पडू नये म्हणून कागद बाजूला केला. दौलतराव म्हणाला, "क्या हुआ भिया, रिश्तेदार था क्या?" आणि मी हसलो. किती महिन्यांनी. तोही हसला, मग खिडकीबाहेर पाहत बसला.

काल गौतमपुऱ्याला जाऊन देव परत आणले. दादाने वर भरताची वांगी दिली. आज तळी भरली. येळकोट म्हणताना आवाज फाटला. मंगला मुलाला घेऊन आली आहे. तो माझ्या टोपीला हात घालतो. त्याची टाळू हुंगली. तेल, दूध आणि आणखी काहीतरी, ज्याला नाव नाही.

देव परत आला. मी काही केलं नव्हतं, तसाच गेला होता, आणि काही केलं नाही, तसाच आला. त्याची मर्जी. अंबिका दिवसभर रडते आहे आणि हसते आहे.

११ जानेवारी १९५९

२२५/१३०.

डॉक्टरांनी तीनदा घेतलं. यंत्र बदलून घेतलं. मग जरा रागाने विचारलं, गोळ्या कधी सोडल्या? मी खंडोबाची शपथ घेऊन सांगितलं, एकही चुकलेली नाही. त्यांना खोटं वाटलं. डोळ्यांत पाहून म्हणाले, आतल्या शिरांची अवस्था चांगली नाही. असंच राहिलं तर वडिलांच्या वाटेने जायला वर्ष लागणार नाही.

घरी येऊन सांगितलं, तशी अंबिका उठली. मग फडताळातून दोन बाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. एक डॉक्टरांची, जवळजवळ भरलेली. दुसरी शेजारच्या शांताबाईंची. त्यांचे यजमान होमिओपॅथी करतात, त्यांच्याकडच्या नुसत्या दूधसाखरेच्या गोळ्या. दिसायला सारख्याच. दोन महिने मी त्या खात होतो.

ओरडणार होतो. तिने ओरडू दिलं नाही.

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली, "पण दिवस मोजता येतात. ती गोळी सुरू झाली आणि तुम्ही हळूहळू घरातून गेलात. बंद केली आणि तुम्ही आलात. माझ्यापुरतं मी पाहिलं. आता मारा नाहीतर काही करा."

१२ जानेवारी

सकाळी पूजेनंतर अंबिकेला माझं उत्तर सांगितलं. इथेही लिहून ठेवतो, कारण पुढे मलाच आठवावं लागेल.

ती म्हणते तसं असेल, तर त्याचा अर्थ काय होतो? एका पांढऱ्या कणीने देव जातो आणि कणी काढली की येतो. मग तो देव नव्हताच. ती माझ्या रक्ताची ऊब होती. वीस वर्षं देवळात छाती भरून येत होती ती २२० वर चढलेल्या पाऱ्याने. आबा ज्याचं नाव घेता येईना म्हणून रडले, तोही तसलाच. हे मी मानणार नाही. देव माझ्यावर रुसला होता आणि मग प्रसन्न झाला, हे मला सोसतं. तो गोळीत विरघळणारा होता, हे सोसत नाही.

अंबिका म्हणाली, "देवाचं जाऊ द्या. डॉक्टरांना एवढंच सांगा की याने जीव उदास होतो. ते दुसरं काही देतील."

मी म्हणालो, ते एकच आहे. सांगितलं म्हणजे मानलं.

आजपासून डॉक्टरांची गोळी पुन्हा, तीर्थाबरोबर, माझ्या हाताने. तिला हात लावू दिला नाही. यावेळी देव गेला नाही, तर तो होता हे सिद्ध होईल.

८ मार्च

१७०/१०५. नाक चोंदलं आहे. त्याला मी महत्त्व देत नाही. भजनाला जाऊन आलो. ठीक होतं.

५ एप्रिल

१५८/१००. दोन गुरुवार गेलो नाही. पाय जड. काल मुलाला घेऊन मंगला आली होती. लवकर गेली.

२६ एप्रिल

पूजा केली. पाण्याने पाच चकत्या धुतल्या. चकत्या असं लिहिलं गेलं. खोडत नाही.

तो माझी परीक्षा पाहतो आहे, असं रोज सकाळी स्वतःला सांगतो. सांगायला वेळ फार लागतो.

१० मे

१४५/९०.

अंबिका बरोबर आली होती, हट्टाने. आत एका वेळी एकालाच सोडतात, म्हणून तिला बाहेर बाकावर बसवलं. आत जाण्यापूर्वी तिने माझी बाही धरली. "एवढं एक वाक्य," म्हणाली.

मी ठरवून गेलो होतो की सांगायचं नाही. पण दारातून आत जाताना तोंडात वाक्य तयार झालं होतं, हे खरं. तलावही डोळ्यांपुढे होता.

पट्टा सोडल्यावर डॉक्टर नेहमीसारखे उठले नाहीत. खुर्ची जवळ ओढून घेतली.

"लक्ष्मणराव, एक विचारायचं आहे. या औषधाबद्दल अलीकडे नवीन वाचण्यात आलं. काही माणसांचं मन यात फार खाली जातं, जगणं नको होतं. तुमचं तसं काही? संकोच करू नका. आता नवं औषध आलंय, लघवीवाटे काम करणारं. बदलून देता येईल."

त्यांनी स्वतः विचारलं. मी काही न सांगता. समोर दार उघडं होतं. त्यांच्या टेबलावर काचेखाली कुणा मुलांचा फोटो होता, त्याकडे मी पाहत राहिलो. 'हो' म्हणालो असतो तर कागदावर लिहिलं गेलं असतं. गोळीचं नाव, आणि त्यापुढे, या माणसाचा देव यामुळे गेला.

"नाही," मी म्हणालो. "मन प्रसन्न असतं. पूजा, भजन सगळं चालू आहे."

"उत्तम," ते म्हणाले. सुटल्यासारखे दिसले. चिठ्ठीवर तेच लिहिलं, दोन वेळा, चालू.

बाहेर येताच अंबिकेने विचारलं, सांगितलंत? मी म्हणालो, सांगितलं. "काय म्हणाले?" मी म्हणालो, या गोळीने मनाचं काही होत नाही म्हणाले. तिचा काही संबंध नाही.

जुन्या इंदुरातला चढ चढताना अंबिका दोनदा थांबली. घरी आल्यावर हातपाय धुऊन देव्हाऱ्यासमोर बसली, कपाळ जमिनीला टेकवलं आणि माफी मागू लागली. मी उगाच औषधाला दोष दिला, म्हणत होती. यांना जे झालं ते तूच केलंस, आणि मी मध्ये हात घातला. पुन्हा घालणार नाही.

मी दारात उभा राहून ऐकत होतो. तिच्या आवाजात सगळं होतं, जे माझ्यात नाही. संध्याकाळ झाली तेव्हा तिनेच उठून गोळी आणि पाणी आणून दिलं.